टॉवरचे तीस फोटो

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांच्या काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या सुखरूप पोहोचल्या. दोनच काचांना कोपऱ्यात तडा गेला आहे. तुझ्या भावोजींनी पेट्या माळ्यावर ठेवायला सांगितल्या, मी पलंगाखाली ठेवल्या. एवढ्यात त्या लांब ठेववत नाहीत.

टॉवरच्या शताब्दीच्या पुस्तिकेसाठी तू बारा फोटो निवडायला सांगितलेस. बाबांनी तीस वर्षं दर एक जानेवारीला, सकाळी नऊला, फुटपाथच्या त्याच फरशीवर स्टँड ठेवून टॉवर टिपला. पण काचा खिडकीशी धरल्या की एक गोष्ट खटकते. पहिल्या काचेत टॉवर आणि शेजारचं पोस्ट यांच्यामधल्या फटीतून मागच्या कोर्टाचा झेंड्याचा खांब दिसतो. शेवटच्या काचेत तो दिसत नाही. खांब कधी हलवला, तेवढं विचारून कळव.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो पत्रागणिक सांगत नाही.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खांब होता तिथेच आहे. मी मान वर करून उभा राहिलो, तर कोर्टाच्या शिपायाने माझं काही हरवलंय का म्हणून विचारलं. बाबांच्या स्टँडचा एक पाय दुरुस्त केलेला होता, हे विसरलीस? फोटो तिरका येतो म्हणून ते स्वतःवरच किती चिडायचे.

पालिकेच्या सभागृहात त्यांचे तीसही फोटो ओळीने लागले आहेत. सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं घाटत आहे. गेल्या वर्षी टॉवरचा जिना लोकांना उघडण्यासाठी इंजिनिअरचा दाखला लागला, तो मीच दिला, आणि या फोटोंवरूनच दिला. एकावर एक ठेवून उजेडाला धरले, तर तीस वर्षांत टॉवर केसभरही हललेला नव्हता. वीस तारखेला शाळांची मुलं एकेक वर्ग करून वर जाणार आहेत. तू काळजीचं दुकान उघडू नकोस, आधी बारा फोटो निवड.

भावोजींना नमस्कार. रागावली नसशील तर उत्तर पाठव, रागावली असशील तर लवकर पाठव.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. फोटो जुळतात, कारण आम्ही ते जुळवले. अंधारखोलीत बाबा मागे उभे राहत आणि टॉवर सरळ दिसेपर्यंत मी कागद थोडा थोडा फिरवत असे. मग आजूबाजूचं कापून फक्त टॉवर ठेवायचा. माझ्या लग्नानंतर ते एकटेच हे करत. स्टँड तिरका आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी आपल्या सामानावर संशय घेतला, टॉवरवर कधी घेतला नाही. मीही नाही.

आज काचांना पट्टी लावली. तीसही काचांत पोस्टाची भिंत सरळ उभी आहे. स्टँड तिरका असता, तर तीही कलली असती.

टॉवरच्या वरून ओळंबा सोडून बघ. आत्ता कोणाला सांगू नकोस. जपून वर जा.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ओळंबा दोनदा सोडला. वरचा कठडा पायापेक्षा दीड हात पोस्टाकडे गेला आहे. दुसऱ्या वेळी पालिकेच्या जुन्या गवंड्याला सोबत घेतलं. त्याने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागवलेला चहा न पिताच निघून गेला.

साहेबांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, बांधतानाच कललेला असेल. हलत नाही, हे तर तुमच्याच दाखल्यात आहे. वीस तारीख होऊन जाऊ द्या.

तो कलतोच आहे, हे फक्त त्या काचा सांगू शकतील. त्या दाखवल्या तर माझी नोकरी जाईल, ते सोसेन. पण बाबांचे फोटो खोटे ठरतील. त्यांना जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. ज्या भिंतीवर त्यांचं नाव लागायचं, तिथून फोटो उतरवायला मीच सांगू का? मला ठरवता येत नाही. तू म्हणशील तसं करतो.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पेट्या घेऊन मी एकोणीसच्या सकाळच्या गाडीने येते. कागद मी फिरवला, हे साहेबांपुढे मीच सांगेन. फोटो उतरवू देत. सभागृहाला दुसरं कोणाचं नाव देऊ देत. बाबा गेल्यापासून मला त्यांचं नाव राहावं एवढीच इच्छा होती. आता वीस तारखेला त्या जिन्यावर कोणी नसावं, एवढीच आहे.

काल सगळ्या काचांतली फट मोजली. पहिल्या वीस वर्षांत फट जेवढी मिटली, तेवढीच पुन्हा गेल्या दोन वर्षांत मिटली आहे.

माझी वाट पाहू नकोस. परवानगी मागू नकोस. जिन्याला तुझं स्वतःचं कुलूप लाव. तू पुन्हा वर जाऊ नकोस.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कोर्टाच्या शिपायाबरोबर स्टेशनमास्तरांकडे पाठवतो आहे, उतरल्यावर तुला देतील. मला इथून हलता येत नाही.

कुलूप लावलं. साहेबांनी ते उद्या दहापर्यंत काढायला सांगितलं आहे. किल्ली माझ्या खिशात आहे आणि मी जिन्याच्या दाराशी बसलो आहे.

दुपारी पोस्टमास्तरीणबाई आल्या होत्या. वरच्या मजल्याची खिडकी कालपर्यंत उघडत होती. आज मध्येच टॉवरला अडते, म्हणाल्या. त्यांना पोस्ट रिकामं करायला सांगितलं आहे.

पेट्या घेऊन थेट पालिकेत जा. टॉवरच्या रस्त्याने येऊ नकोस. लांब पडलं तरी मागून जा.

तुझा धाकटा