गाडीखालचा पत्रा

फ्लोरा,

शब्बाथला आग पेटवायची नाही म्हणून जेवण गरम राहायला स्टोव्हवर ठेवतेस तो लोखंडी पत्रा शोधू नकोस. त्याला भोकं पाडून मी तो जुन्या गाडीच्या पोटाखाली बोल्टांनी आवळलाय. अरादपुढच्या खाणीच्या वाटेवरचे दगड आता इंजिनाला लागणार नाहीत. या शब्बाथला थंड जेवू.

तुझा नवरा नफ्ताली म्हणेल, "बाबांचं डोकं फिरलंय." म्हणू दे. त्यानं लपवलेली गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली.

हारूनला जाऊन आज वर्ष झालं. मुंबईहून आम्ही एकाच बोटीनं आलो. दहा पुरुष जमल्याशिवाय त्याच्या आत्म्यासाठी कदिशची प्रार्थना म्हणता येत नाही, आणि खाणीवर आपले नऊच आहेत.

तू शिकवलेल्या अक्षरांतच लिहिलंय, तेव्हा चिडू नकोस. नवऱ्याला सांग, मला अडवायला यायचं तर प्रार्थनेची टोपी घालून ये. अकरावाही चालतो.

बाबा