गळ्यातलं यंत्र आणि कुसाबाई

सातपूर, मार्च २००९

लाडक्या योगिनी,

मी घरात कोणत्या खोलीत आहे हे सांगणारं तुमच्या कंपनीचं यंत्र तू माझ्या गळ्यात अडकवलंस, तेव्हा मी चिडले होते. पण गेल्या महिन्यात मी बाथरूममध्ये पडले, आणि मी तिथून हलत नाही हे तुला पुण्यात बसून कळलं. तू शेजारच्या कुसाबाईला फोन केलास. सांडपाण्यावरून भांडण झाल्यापासून आमचं बोलणं बंद होतं, तरी ती मागच्या दाराने धावत आली. तिने मला उठवलं, पाय शेकला, चहा पाजला. किती दिवसांनी घरात कुणीतरी बोललं!

म्हणून परवा मी मुद्दामच बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले. तू घाबरलीस, कुसाबाई पुन्हा धावली. मला ठणठणीत बघून ओरडली, "काय ओ ताई, पोरीचा जीव टांगणीला लावला! नुसती हाक मारायची. मी काय लय लांब राहते?"

हे वाचून तू रागावशील, म्हणून हे पत्र काही पोस्टात टाकणार नाही.

आज मी कुसाबाईला नुसती हाक मारली, ती आली. आमच्या गप्पा रंगल्या आणि तुझा फोन आला, "आई, दुपारभर स्वयंपाकघरात काय करतेस?"

"पाहुणी आलीय गं, नंतर बोलू," म्हणाले, आणि पहिल्यांदाच तुझ्याआधी मी फोन ठेवला.

तुझी मजेत असलेली,
आई