अप्पांचा ओव्हन

अप्पा,

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी जेवढं बोलले, तेवढं तुम्ही असताना कधी बोलले नाही. आपल्या घरात ती पद्धतच नव्हती. तुम्ही गिरणीत वायरमन. घरी आलात की हातपाय धुऊन कुणाची तरी इस्त्री नाहीतर रेडिओ उघडून बसायचात. गिरणी बंद पडली त्या दिवशीही तुम्ही नेहमीसारखे जेवलात आणि झोपलात. मग काही महिन्यांनी कुणाचा तरी बिघडलेला ओव्हन सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलात. दोन दिवस तो ओट्यावर सुटा करून पसरला होता. नवी कॉइल घातलीत, वायर बदललीत आणि आईला म्हणालात, "भाकरी चावंना म्हणतीस न्हवं, पाव करून देतो." आईचे दात तेव्हा बहुतेक गेले होते.

पहिले पाव दगडासारखे निघाले. आईनं ते चहात बुडवून निमूट खाल्ले. गल्लीतल्या बायका हसायच्या, की एवढा रांगडा माणूस आणि परातीत मैदा मळतोय. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. कुठल्या पदार्थाला किती आच आणि किती मिनिटं, हे तुम्ही ओव्हनच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहीत गेलात. पाव, नानकटाई, रव्याचा केक. आपल्याकडे अंडं चालत नाही म्हणून तुम्ही दही घालून केक करायचात आणि तो फुगेपर्यंत समोर स्टूल टाकून बसायचात. आई गेल्यावर दर रविवारी मी मुलांना घेऊन यायचे ते त्या केकसाठीच. मुलं सारखी ओव्हनच्या दाराशी जायची. मी उघडून बघू लागले की तुम्ही म्हणायचात, "उघडू नगं अव्वा, आत्ताशी जीव धरतोय त्यो." तुम्ही मला लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचात, फक्त त्या स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत मला नावानंच हाक मारायचात.

शेवटच्या वर्षांत तुम्ही अधूनमधून विसरू लागला होतात. चष्मा कपाळावर असताना शोधायचात, दूधवाल्याला दोनदा निरोप द्यायचात. त्या वयात कोण विसरत नाही? पण धाकटा भाऊ पुण्याहून यायचा तेव्हा त्याला नेमकं तेवढंच दिसायचं. त्या शनिवारी सकाळीही तो आल्या आल्या माझ्या घरी येऊन मला बोलला, "अक्का, तू याच गावात राहतेस. तुझं लक्ष नको का त्यांच्याकडे? उद्या काही झालं म्हणजे?" दुपारी तो मित्राकडे गेला आणि मी तुमच्याकडे आले.

ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. बाहेर ऊन रणरणतंय. तुम्ही बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपलेले आहात, तोंडावर पंचा. ओट्यावर तुम्ही निवडून ट्रेमध्ये पसरून ठेवलेले शेंगदाणे आहेत, धाकट्याला चटणी करून द्यायची म्हणून. संध्याकाळी उठून भाजणार होतात. मी मनाशी म्हणते, तेवढंच काम उरकून टाकू. ट्रे आत सरकवते आणि बटण फिरवते, लवकर व्हावेत म्हणून पार शेवटपर्यंत. भिंतीवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे, दाणे एकशेसाठ. मी ते बघतही नाही. मग लक्षात येतं की लाल तिखट संपलंय. दार नुसतं ओढून घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. तिथं शाळेतली एक जुनी मैत्रीण भेटते आणि आम्ही सावलीत बोलत उभ्या राहतो. किती वेळ, ते मला नक्की सांगता येणार नाही.

परत आले तेव्हा दारात माणसं जमली होती. दाणे जळून कोळसा झाले होते, ओव्हनवर वाळत टाकलेलं फडकं पेटून खिडकीच्या पडद्यापर्यंत आग गेली होती. तेवढ्या धुरातही तुम्ही आधी मेन स्विच बंद केलात आणि मग जळता पडदा हातानं ओढून मोरीत टाकलात. उजवा तळवा भाजला होता. शेजारच्या काकू त्यावर पाणी ओतत होत्या. मागोमाग धाकटा आला, त्यानं काळी पडलेली भिंत पाहिली आणि विचारलं, "अप्पा, ओव्हन चालू ठेवून झोपला होता का तुम्ही?"

मी तिथंच होते, अप्पा. हातात तिखटाची पुडी होती. एक वाक्य बोलायचं होतं, बस. पण सकाळचं त्याचं बोलणं कानात होतं आणि समोर गल्लीतली चार माणसं.

तुम्ही वाकून ओव्हनचं बटण बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "दाणे मी एवढ्या आचेवर कधी भाजत न्हाय."

आणि मी म्हणाले, "अप्पा, तुम्हाला आठवत नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. शाळेतलं पोर गणित चुकल्यावर बाईंकडे बघतं तसं तुम्ही बघत होतात, खरं काय ते माझ्याकडून कळेल म्हणून. "असंल मग," म्हणालात. "माजंच चुकलं असंल."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं भंगारवाल्याला बोलावलं. ओव्हनची वायर तुम्ही डाव्या हातानं सोडवून दिलीत, उजव्याला पट्टी होती. भिंतीला चुना मारला, लिहिलेलं सगळं त्याखाली गेलं. मला वाटलं होतं, चार दिवसांत विषय मिटेल. तुम्हाला मात्र स्वतःचाच भरवसा राहिला नाही. गॅस पेटवायचं सोडलंत, डबा लावलात. बाहेर पडताना कुलूप लागलं का ते काकूंना ओढून बघायला सांगायचात. कुणी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलं तर, "नगं बाबा, माज्या हातनं काय तर ऱ्हाऊन जाईल," म्हणून परत पाठवायचात. ज्या माणसानं तीस वर्षं गिरणीतल्या चालू लाइनवर हात घातला, तो पंख्याचं बटण दाबतानाही थांबून विचार करायचा. डॉक्टर म्हणाले, वयामानानं स्मरणशक्ती चांगली आहे. तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाहीत. तुम्ही माझ्यावर ठेवला होता.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवून यायचे, की आज सांगायचं. एका सकाळी आपण दोघंच होतो. मी तुमचा हात हातात घेतला, तळव्यावरचा तो गुळगुळीत डाग बोटाला लागला, आणि मी म्हणाले, "अप्पा, एक बोलायचंय." तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "घरी गॅस बंद हाय का बगून आलीस?" घरातला गॅस तर दीड वर्ष कुणी पेटवलाच नव्हता. मी "व्हय" म्हणाले. तुम्ही डोळे मिटलेत. मी तुमचा हात परत चादरीखाली ठेवला. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता सांगितलं असं म्हणायचं, तर ते कागदालाच. धाकट्याला सांगितलेलं नाही. तो अजूनही फोनवर म्हणतो, "बरं झालं वेळेवर ओव्हन काढून टाकला," आणि मी हुंकार देते. हा कागदही घडी घालून कपाटात साड्यांच्या खाली जाईल.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. मागच्या रविवारी आमच्या सूनबाईंनी घरात नवा ओव्हन आणला. त्या आत काहीतरी ठेवून फोनवर बोलत बाहेर निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि आमच्या अप्पांची गोष्ट सांगितली, की म्हातारपणी ते एकदा ओव्हन चालू ठेवून झोपले होते. चांगली रंगवून सांगितली. त्यांना तुमची फार दया आली.