मोकळी जागा

६ जानेवारी

पोचले एकदाची. सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक उशी, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत चांगलीच धाप लागली. घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग किल्ली. या क्रमावरूनच बाई बऱ्या असणार असं वाटलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेर पलंग, ओटा, गॅस. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड फोम, खिडकीला दुहेरी काच आणि टेबलावर कंपनीने आधीच आणून ठेवलेला कॉम्प्युटर. आमची कंपनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. त्या वाचनाची साफसफाई माझ्याकडे. ओठांची चपचप, पानांची खसखस, पोटातली गुरगुर आणि मुख्य म्हणजे वाचणाऱ्याचे श्वास, हे सगळं कापायचं. फोनवर ताई म्हणाली, लोकांचे श्वास कापून पोट भरणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच. मागून भाऊजी हसत होते.

डिस्क भलीमोठी आहे आणि निम्म्याहून जास्त रिकामी. नव्या घरातलं रिकामं कपाट बघून बरं वाटतं ना, तसं वाटलं. आई गेल्यापासून असं काही वाटलंच नव्हतं.

९ जानेवारी

सध्या एका गृहस्थांची कादंबरी चालू आहे. प्रत्येक वाक्याआधी एवढा मोठा श्वास घेतात की मी त्यांचं नाव भाता ठेवलंय. ताईला सांगितलं तर म्हणाली, तू कोणाला हसतेस, शिट्टे? लहानपणापासून मला शिट्टी म्हणते. माझं नाकाचं हाड वाकडं आहे, श्वास घेताना डावीकडून बारीक शीळ वाजते.

शेवटी शेवटी आईच्या श्वासाकडे असाच कान लावून बसायचे. आज भात्याचा एक लांब श्वास ऐकताना ते आठवलं. आता रडू येणार असं वाटलं. नाही आलं. तो श्वास कापला आणि पुढे गेले.

१३ जानेवारी

काल काम संपवताना डिस्कवर जेवढी जागा होती, त्यापेक्षा आज सकाळी बरीच कमी. वाटलं, आपणच आकडा चुकीचा वाचला. जेवून आले तर आणखी कमी. मधल्या वेळात मी एक अक्षरही साठवलं नव्हतं. कोणती फाइल वाढली ते शोधलं. एकही नाही.

१५ जानेवारी

माइक काढून कपाटात ठेवला. इंटरनेटची वायरही दिवसभर उपटून ठेवली. जागा कमी होतच आहे, नळ ठिबकावा तशी. मी भाजी आणायला जाते तेव्हा हळू, टेबलापाशी बसते तेव्हा भरभर.

१७ जानेवारी

घरमालकीणबाईंच्या ओळखीचा कॉम्प्युटरवाला येऊन गेला. पंखा पुसला, काहीबाही पुसून टाकलं, व्हायरस शोधला, सापडला नाही. त्याचं म्हणणं असं की माणसासारखंच आहे हे, वय झालं की उगाच अंग धरतं. लपलेल्या फाइल्सही दिसतील अशी सोय करून दिली आणि चहा न घेता गेला.

तो गेल्यावर एक फोल्डर दिसलं. त्याला नावच नाही. आत हजारो फाइल्स, सगळ्या आवाजाच्या. पहिली सहा तारखेची. मी आले त्या दुपारची.

१८ जानेवारी

सकाळी हेडफोन लावून ऐकल्या. प्रत्येक फाइलमध्ये एक श्वास. बाकी काही नाही.

पहिल्या काही मोठ्या, जिना चढून आल्यासारख्या. प्रत्येकात डावीकडून बारीक शीळ.

काम म्हणून ऐकते तसंच ऐकत गेले. कापणी सुरेख आहे. सुरुवातीला नाही, शेवटाला नाही, कुठे टोक राहिलेलं नाही. मलाही इतकं स्वच्छ जमत नाही.

१९ जानेवारी

थंडी वाढली आहे. दुधाच्या दुकानापाशी सगळ्यांच्या तोंडून वाफ येत होती. दुकानदार, रिक्षावाला, खांबाला बांधलेला कुत्रा. माझ्या तोंडून नाही. दोन्ही हातांवर फुंकर घातली. हात गार ते गारच.

जिना चढून आले. धाप लागली नाही.

२० जानेवारी

एक फाइल उडवून पाहिली. अगदी छोटी.

शुद्ध आली तेव्हा खुर्चीखाली होते. ओठ बधिर. हात वर करून कसाबसा माउस धरला, कचऱ्यातून ती फाइल परत जागेवर आणली. तेव्हा छाती हलली.

पेन ड्राइव्हवर एक प्रत काढली. प्रतीत नुसती शांतता.

मशीन बंद करून पाहायचं होतं. बटणापर्यंत बोट नेलं. नाही केलं.

एवढं होऊनही मी घाबरलेली नाही. घाबरायलाही दम लागत असावा.

२३ जानेवारी

ताईचा फोन. ती म्हणाली, तू आहेस ना गं तिकडे, काहीच ऐकू येत नाही. मी आहे म्हटलं. तेवढं म्हणताना डिस्कचा आकडा खाली आला. बोलण्याचंही तेच. जे बाहेर पडतं ते तिकडे जातं. परत येत नाही.

मग तीच बोलत राहिली. मी फोन धरून ठेवला.

२५ जानेवारी

ताई आली आहे. घरमालकीणबाईंनीच कळवलं असणार. दारात मला बघून तिच्या हातातली पिशवी खाली पडली. जवळ घेतलं. नाकाची शीळ ऐकायला कान लावला असावा, कारण बराच वेळ तशीच राहिली.

डॉक्टरांनी नळी छातीला लावली, हलवली, परत लावली. मग नळीच तपासली. अशक्तपणा आहे म्हणाले, बोलणं कमी, पडून राहायचं.

मी सगळं कागदावर लिहून ताईला दिलं. फोल्डर, फाइल्स, खुर्चीखाली पडले ते. हात लावू नकोस, असं मोठ्या अक्षरांत. तिने दोनदा वाचलं. रागावली नाही, हसली नाही. माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. आईचं सगळं तू एकटीने काढलंस, मी नुसती फोन करायचे, असं म्हणून खूप रडली.

तिच्याकडे बघत होते. मला काही झालं नाही.

२७ जानेवारी

उठवत नाही. पलंगावरून आतली खोली दिसते. टेबल. स्क्रीन.

कंपनीचे फोन येतात. डिस्क भरली, काम साठत नाही, जागा करा. ताई घेते. तिने त्यांना सांगितलं की बहीण बरी होऊ दे, मग बघू.

ताई चांगली आहे. लिहून ठेवते. म्हणजे कोणी तिला—

२८

जागा नाहीच. आता श्वास तिकडेही मावत नाही. इकडेही नाही. मध्ये कुठेतरी

२९

दुपार. ताई आत बसली आहे. पाठ दिसते. कानाला फोन, पलीकडे कंपनीचा माणूस. तो सांगतो तसं करते आहे.

हेडफोन लावला तिने. ऐकते आहे. खांदे हलतात—रडते आहे. ओळखलं असणार. शिट्टीला ओळखणारच.

हेडफोन काढला. मागे न बघता बोलते आहे.

“हे ऐकत बसायचीस होय गं दिवसभर? आईचं ऐकलंस, आता स्वतःचं? अशाने कोण बरं होईल?”

मी उशी फेकली. पलंगाखालीच पडली.

“कागद वाचलाय मी तुझा. पण तू धाकटी आहेस माझी, तुला असं बघवत नाही. हे एकदा गेलं की तुला मोकळं वाटेल. उडवते हं सगळं.”

नको म्हणायला एक श्वास पुरे. एकच. तो तिच्या समोर आहे—

“गप्प आहेस म्हणजे होकार धरते, शिट्टे.”

ताई वळ. वही बघ. ता