कमलकाकूंच्या मोबाईलमधलं जुनं पान

३ फेब्रुवारी
वेबसाइटचा पत्ता एकच, पान एकच. मग निम्म्या गावाला पाण्याच्या नव्या पाळ्या दिसतात आणि निम्म्या गावाला जुन्याच, असं का? मला माहीत नाही. आज पाणीवापर संस्थेच्या ऑफिसात सगळ्यांसमोर मला विचारलं आणि सगळ्यांसमोर हेच म्हणावं लागलं. सचिव नाना हसले. "कॉम्पुटरचं बीसीएस झालीय म्हनं."
पाळ्या फळ्याऐवजी मोबाईलवर लावायच्या ही कल्पना माझी. फळ्यावरचं कोणीही पुसतं, मोबाईलवर सगळ्यांना सारखं दिसेल. वेबसाइट फुकट करून दिली. नावं आणि वेळा नाना त्यांच्या मोबाईलवरून भरतात, बाकी मी बघते. म्हणजे शिव्या मी खाते.

६ फेब्रु.
सापडलं. शेतात रेंज नसते म्हणून पान मोबाईलमध्येच साठवून ठेवायची सोय मी घातली होती. ते साठवलेलं पान रेंज आली तरी हटत नाही. आता बदल केला : आधी नवं मागायचं, नाहीच मिळालं तर साठवलेलं. पण ज्यांच्याकडे जुनं अडकून बसलंय त्यांचं हातानेच पुसावं लागणार. गावभर.

९ फेब्रु. रविवार
पप्पा सकाळी आठला पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेले आणि कालव्याच्या चारीवर दुसऱ्याच्या शिव्या खाऊन परत आले. आपली पाळी रविवारी रात्री आठची. पप्पांनी मोबाईलची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत. तक्ता फुगला आणि शेवटचा रकाना, सकाळ की रात्र, स्क्रीनच्या बाहेर. माझ्या मोबाईलवर सगळं बसतं, म्हणून मी कधी बघितलंच नाही.
आई : "लेक शिकली आन् बापाला दोन चकरा."
तक्ता काढून टाकला. आता प्रत्येक पाळीचा वेगळा चौकोन, एकाखाली एक. पप्पांना वाचायला दिलं. वाचलं. रात्री बॅटरी घेऊन गेले.

११ फेब्रु.
दिवसभर ऑफिसच्या ओट्यावर. एकेकाचा मोबाईल घ्यायचा, कॅशे, म्हणजे ते साठवलेलं पान, पुसायची, परत द्यायचा. "माजी पाळी सोमवारी हुती. डोळ्यानं बगितली." पुसलं की ताजं पान येतं, सोमवारी दुसऱ्याचंच नाव. 'बघा, तुमच्याकडे जुनं होतं.' माणूस गप घरी जातो.
एकाने मोबाईल माझ्या मांडीवर टाकला. "घे, फोड एकदाचा."
नाना खूश. नवा शब्द शिकलेत. कोणी भांडायला आलं की माझ्याकडे बोट : "कॅशे हाय ती. कॅशे. पोरीला इचारा."
पोरीला.

१४ फेब्रु.
कमलकाकू आल्या, त्या तावातच. लिंबाच्या बागेची फुलं पाण्यावाचून गळतायत. काल गुरुवारी सकाळी आठला चारीवर गेल्या तर पाणी नानांच्या भावाच्या डाळिंबाला. मी सवयीने हात पुढे केला.
"हात लावू नगं! तू पुसती आन् मंग आमी खोटं पडतो. बगती ना मी. ज्याचा ज्याचा मोबाईल तू घेती, त्याचं त्वांड बंद हुतं."
लांबूनच दाखवला. गुरुवार, सकाळी आठ, कमलकाकू. माझ्याकडे ताजं पान : गुरुवार, सकाळी आठ, नानांचा भाऊ. काकूंचं नाव खाली, रविवारी रात्री आठला.
"कॅशे," नाना आतूनच ओरडले. खरं तर तेच म्हणायला मीही तोंड उघडलं होतं.

१५ फेब्रु.
कॅशे शिळं दाखवते. मनाने नाव लिहीत नाही. काकूंच्या मोबाईलमध्ये आहे म्हणजे ते साइटवर होतंच, नंतर कोणीतरी बदललं. पासवर्ड दोघांकडे, नाना आणि मी. मी नाही.
आणि पुरावा गावातल्या मोबाईलांमध्ये पडलेला होता. तो मी ओट्यावर बसून, माणसं रांगेत लावून पुसला. वर त्यांनाच खोटं पाडलं. नवं भरलं की जुनं उडतं, अशी साइट करणारीही मीच. फळ्यावर निदान खडूचा डाग राहायचा.

दुपारी नानांना विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट चहा सांगितला.
"एकेकाची अडचण आसती. मागंपुडं करावं लागतं."
'मग तसं लिहा. कोणाचं कोणाला दिलं ते.'
"तुज्या पप्पाचं बगितलं का? रातचं हुतं. उद्यापास्नं दिवसा केलंय. तू यवडी राबती, म्हनून."
चहा घेतला नाही. रविवारी रात्री आठ. काकूंना दिलीय ती आमचीच जुनी पाळी आहे.

१६ फेब्रु.
पप्पांनी उन्हात दारं धरली. कित्येक दिवसांनी शिट्टी वाजवत घरी आले. "थंडी न्हाई, बिबट्याचं भ्या न्हाई. राजावानी."
रात्री जेवताना दारातून दिसलं. चारीवर एकच बॅटरी हलत होती.

१७ फेब्रु.
सांगितलं. आपली रात्र काकूंच्या माथी मारलीय, हे. पप्पांनी भाकरी मोडली. मग, "तू उद्या केडगावला नोकरीला जाशील. हितं नानाच्या हाताखाली दारं मला धरायचीत."
मी म्हटलं, काकू पण धरतातच की. रात्री.
आई : "यवड्यासाठी शिकिवली का तुला? घरावरच उलटायला?"
पप्पांनी ताट सरकवलं.  

१८ फेब्रु.
सकाळी काकूंकडे गेले. मोबाईल हातात दिला नाहीच. स्वतः धरून बसल्या, मी जुन्या पाळ्या वाचून टाइप केल्या. "नीट लिव्ह. का तिथंबी माजं नाव खातीस काय?"
नानांचा पासवर्ड तसाच ठेवलाय. पाहिजे ते बदलू देत. पण आता जुनी नोंद उडणार नाही, नव्याच्या खाली राहील, केव्हा आणि कोणी बदललं त्यासकट. आधीच्या बदलांना फक्त 'आधी' आणि 'आता' लिहिलं. सगळ्यात वर पप्पांचं नाव. आधी रात्री आठ, आता सकाळी. त्याखाली काकू.
अक्षरं सगळ्यात मोठी करून तपासलं. एकही अक्षर स्क्रीनच्या बाहेर जात नाही.
दुपारी चालू केलं.
पप्पा शेतात आहेत. तिथे रेंज नाही, त्यांच्या मोबाईलमध्ये अजून जुनंच पान असेल. डांबरीला लागले की नवं येईल.