दाराच्या फटीवरची पट्टी

प्रिय गोष्टीताई,

जिंकलो गं आपण! आधी एवढंच वाच, श्वास घे, मग पुढे जा. पाळणाघरांना परवाना देणारं ते कार्यालय आहे ना, त्याच्या जिन्यात बसून लिहितेय. मांडीवर फाइल, पेन वकीलबाईंचं. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. ठकीचे बाबा खालच्या पायरीवर उभे राहून एकेका नातेवाइकाला फोन करताहेत आणि प्रत्येकाला अगदी पहिल्यापासून सांगताहेत. आणि ठकी? ती माझ्या शेजारी बसून उजव्या हाताने केळं सोलतेय. त्याच हाताने! मधल्या बोटाचं नख अजून अर्धंच आलंय, पण डॉक्टर म्हणतात, बोट पूर्ण वाकतंय, काळजी सोडा.

तू त्या आठवड्यातच पाळणाघरातून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ठकीचं बोट न्हाणीघराच्या दारात चेंगरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या मॅडमनी आम्हाला प्रवेश-अर्ज दाखवला. खाली बारीक अक्षरात ओळ: इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही. त्याखाली माझी झोकदार सही. कारखान्यात दिवसभर मी चष्म्याच्या काचा घासते, केसाएवढा ओरखडा मला दिसतो, आणि ही ओळ दिसली नाही! वकीलबाई मात्र ती वाचून हसल्या. म्हणाल्या, "अहो, अशी ओळ छापून निष्काळजीपणा माफ झाला असता तर सगळ्यांनी नुसत्या ओळीच छापल्या असत्या." मग त्यांनी वाटा समजावल्या. पोलिसांत जाता येतं, न्यायालयात भरपाई मागता येते, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे तक्रार करून पाळणाघराची तपासणी मागता येते. मी म्हटलं, मला आधी ते दार दुरुस्त झालेलं हवंय, आत अजून अठरा मुलं आहेत. भरपाईचा रस्ता उघडा ठेवून आम्ही तपासणी मागितली. डॉक्टरांचे कागद, बोटाचे फोटो, तारखा, सगळं त्यांनी माझ्याकडून एका बैठकीत लिहून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, दार ठणठणीत होतं, सांभाळणारीचं, म्हणजे तुझं, लक्ष नव्हतं. रोजची नोंदवही मागितली तर म्हणाल्या, असली वही आम्ही ठेवतच नाही. आणि गंमत ऐक! तपासणी अधिकारी बाई एका सकाळी न सांगता पाळणाघरात गेल्या आणि खेळण्यांच्या कपाटातून, ठोकळ्यांच्या डब्याखालून त्यांनी तीच वही काढली. तुझं गोल गोल अक्षर! "न्हाणीघराच्या दाराच्या फटीवरची रबरी पट्टी निघाली आहे. मुलांची बोटं जातील." एकदा नाही, महिन्याभरात चार वेळा लिहिलंस. चौथ्यांदा तर खाली दोन रेघा मारल्यास. आज सुनावणीत अधिकारी बाईंनी त्या चारही नोंदी मोठ्याने वाचल्या. मॅडम टेबलाकडे बघत बसल्या आणि माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

निकाल सांगते. आठ दिवसांत प्रत्येक दाराला पट्टी. लहान मुलांच्या खोलीत आणखी एक सांभाळणारी. नोंदवही दारापाशी, कुठल्याही आईबापाला केव्हाही बघता येईल अशी. ठकीच्या बोटाच्या उपचारांचा खर्च, ते पूर्ण बरं होईपर्यंत, त्यांच्याकडे. नाही जमलं तर परवाना रद्द. ठकीचे बाबा उठून टाळ्याच वाजवायला लागले, शिपायाने त्यांना खाली बसवलं!

आता जे सांगायला जीभ रेटत नाही, ते. त्या दिवशी मी धावत आले तेव्हा तू ठकीला कडेवर घेऊन उभी होतीस, तिचा हात तुझ्या ओल्या ओढणीत गुंडाळलेला, आणि दुसऱ्या हातात फोन. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुला मुलं सांभाळायला ठेवलंय की फोन बघायला?" तू ठकीला अलगद माझ्याकडे दिलंस. संध्याकाळी ठकीला झोपवून मी माझा फोन पाहिला. कारखान्यात तो कपाटात असतो. त्यावर तुझे सात फोन येऊन गेले होते. तू मलाच लावत होतीस. मला त्याच संध्याकाळी कळलं, ताई. तरी दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे तक्रारीचा अर्ज दिला आणि तू फोन बघत होतीस, असं त्यात तुझ्या नावानिशी लिहिलं. मुलं तुला गोष्टीताई म्हणतात म्हणून मीही तेच म्हणायचे; तुझं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, ते त्या अर्जात लिहायला. कुणाचा तरी दोष असायलाच हवा होता, आणि फोन न उचलणारी मी होते. त्याच अर्जावर त्यांनी तुला काढलं.

आज वकीलबाई नको नको म्हणत असताना मी उभी राहिले आणि हे सगळं अधिकाऱ्यांना सांगितलं. अर्ज खोटा होता असं लिहून दिलं, सही केली, या वेळी प्रत्येक ओळ वाचून. त्याची प्रत सोबत आहे. तुझ्यावर ठपका नाही, असं निकालात आलंय आणि तुला कामावर परत बोलवायचा आदेश निघालाय. पाळणाघराचं पत्र तुला दोन दिवसांत मिळेल. ते हातात पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून घरी जायचीही वाट न बघता इथेच लिहायला बसले. परत यायचं की नाही, ते तू ठरव. आलीस तर मी दारात उभी असेन आणि जे तेव्हा सगळ्यांसमोर बोलले, त्याची माफीही सगळ्यांसमोरच मागेन. नाही आलीस, तर तुझा पत्ता माझ्याकडे आहे. मी तिथे येईन.

तुझी अपराधी, आणि आज तुझ्यामुळेच इतकी आनंदात असलेली,
तुझीच,
ठकीची आई