बोलक्या हत्तीची वायर

४ फेब्रुवारी
आज घरात हत्ती आला. निळा, प्लॅस्टिकचा, पोटावर बटणं. सूनबाईने आणला — आमच्या चिमीला बोलतं करायला! नात अडीच वर्षांची झाली, 'आ', 'बा'च्या पुढे गाडी सरकत नाही, म्हणून. बटण दाबलं की हत्ती अक्षर म्हणतो आणि त्याचे कान लुकलुकतात. खोक्यावर छापलंय, 'तज्ज्ञांनी बनवलेला'. कुठले तज्ज्ञ? बत्तीस वर्षं मी पहिलीच्या वर्गावर काढली. एकही तज्ज्ञ मला पोरांचे शेंबूड पुसताना दिसला नाही.

५ फेब्रुवारी
हत्तीला 'ळ' येत नाही!! 'क कमलाचा.' 'ब बालाचा.' माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

७ फेब्रुवारी
बरोबर दाबलं तरी 'शाब्बास', चुकीचं दाबलं तरी 'शाब्बास'. चिमी त्याच्या अंगावर बसली, तरी 'शाब्बास'! असल्या मास्तरला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता मी. पोरगी सकाळपासून एकच बटण बडवतेय. लक्ष सगळं त्या लुकलुकणाऱ्या कानांकडे, अक्षराला काडीची किंमत नाही. मी म्हटलं, "सूनबाई, हे शिक्षण नव्हे, तमाशा आहे."
"आई, निदान तो तिच्यावर चिडत तरी नाही," म्हणाली.
टोमणे कळतात मला.

८ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. कमल. कमल. कमल.

१० फेब्रुवारी
भाजी निवडता निवडता सूनबाईने हळूच विषय काढला — "आई, चिमीला एकदा डॉक्टरांना दाखवूया का?" कशाला? चिमीचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत मुखस्तंभ होता, आता त्याचं तोंड मिटत नाही! तेच ऐकवलं. वर म्हटलं, घरात हत्तीच अखंड बडबडत असेल तर पोर बोलणार कधी? ती पुन्हा भाजी निवडू लागली. डोळे भरले होते वाटतं. हल्लीच्या मुली! खोक्यावरचं वाचून आया होतात.

११ फेब्रुवारी
मुलगा पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, "या हत्तीची वाचा बंद कर."
"अगं आई, पोरीचं खेळणं आहे ते."
"दिवे राहू देत. आवाजाची वायर काप."
दुपारी चिमी झोपली तेव्हा मागचे स्क्रू काढून कापली. बायकोला सांगितलं नाही — भित्रा! आता पोरगी थयथयाट करणार. करू दे. चार दिवस रडेल, मग माणसांत येईल.

१२ फेब्रुवारी
रडली नाही! बटण दाबलं, कान लुकलुकले, खदखदून हसली. दिवसभर तेच. घ्या तज्ज्ञांनो! तुमच्या हत्तीच्या बडबडीवाचून पोरीचं काही म्हणता काही अडलं नाही. सूनबाईला मुद्दाम हाक मारून दाखवलं. तिने बटण दाबलं. परत दाबलं. हत्ती मुका, चिमी हसतेय. सूनबाई पांढरीफटक पडली. हरलं की माणसाचं तोंड असंच होतं.

१३ फेब्रुवारी
सकाळी सूनबाईने चिमीच्या पाठीमागे उभं राहून पातेल्यावर डाव हाणला. पोरगी वळली नाही. मग मी हाक मारली. वर्गात मारायचे तशी, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी. तीनदा. शेजारीण दार उघडून बाहेर आली. चिमी दिव्यांशी खेळत होती.
उद्या दहाला कानाच्या डॉक्टरांकडे. सूनबाईने वेळ घेतली, मला विचारलं नाही. मीच विचारलं — "मी आले तर चालेल का?"